तिथी, भरती आणि जुनी बंदरे : खानदेशातून कोकण किनाऱ्याकडे

जळगावच्या दाणा बाजारातील असो वा धुळ्याच्या आग्रा रोडवरील, व्यापारी कुटुंबाला सुट्टी मिळते ती मोजकीच. दिवाळीचे वहीपूजन आटोपले की पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत दुकानाच्या फळ्या अर्ध्याच उघडतात. पंचमीला मुहूर्ताचा सौदा झाला की पुन्हा वर्षभर उसंत नाही. ज्यांचे चातुर्मासात गावाबाहेर न जाण्याचे नियम आहेत, ती कुटुंबे कार्तिकी पौर्णिमेनंतर किंवा नाताळाच्या शालेय सुट्टीत निघतात. पूर्वी ही मंडळी सुट्टीत पालिताणा, शंखेश्वर, शिखरजी अशा यात्रांनाच जात. अलीकडे मुलांच्या आग्रहाने समुद्राचे नाव निघते आणि घरात दोन मते पडतात. मुलांना लाटा हव्या असतात, तर आजीला पहिला प्रश्न पडतो तो चौविहाराचा : मासळीच्या त्या मुलखात सूर्यास्तापूर्वी शुद्ध भोजन मिळणार कोठे?

हा प्रश्न अनाठायी नाही. परंतु कोकण किनारा म्हणजे केवळ मासळी आणि वाळू, ही समजूत मात्र अपुरी आहे. हा किनारा मुळात व्यापाऱ्यांचा. शिवाय जैन कथावाङ्मयाशी त्याचे नाते इतके जुने आहे की व्याख्यानात ऐकलेली काही गावे येथे प्रत्यक्ष रेल्वे स्थानकाच्या फलकावर वाचावयास मिळतात.

त्यातील पहिले नालासोपारा. मुंबईच्या उपनगरी गाडीत गर्दीने चेंगरलेल्या प्रवाशाला हे नाव ऐकून प्राचीन वैभव आठवत नाही, पण हेच शूर्पारक अथवा सोपारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा येथे सापडला आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. आज तेथे विटांचा तो उंचवटा शिल्लक आहे, भोवती झाडी आणि पलीकडे वाढते शहर. जेथे गलबते लागत, ती खाडी गाळाने भरून गेली आहे.

जैन परंपरेतील सोपारकाची कथा कल्पसूत्राच्या व्याख्यानातून अनेकांनी ऐकलेली असते. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. आर्य वज्रस्वामींनी शिष्य वज्रसेनांना सांगून ठेवले होते की ज्या दिवशी लक्ष मुद्रा मोलाचा भात शिजलेला दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. विहार करीत वज्रसेन सोपारकात आले, तेव्हा जिनदत्त श्रेष्ठींची पत्नी ईश्वरी तसाच महागडा भात रांधून त्यात विष कालविण्याच्या तयारीत होती. घरात पैसा होता, पण पैशाने मिळणारे धान्य संपले होते. मुनींनी तिला थांबविले आणि दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याने भरलेली जहाजे लागली. त्या कुटुंबातील नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली व त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. धान्याच्या व्यापाऱ्याला ही कथा वेगळ्याच अंगाने भिडते. सुकाळाची बातमी येथे पावसाबरोबर येत नाही, गलबतातून येते. बंदर उघडे असेल तर शंभर कोसांवरचे पीक उपाशी गावाला जगविते, हे जाणणाऱ्या समाजातच अशी कथा टिकून राहू शकते.

सोपाऱ्यापासून विरार जवळ आणि विरारहून पश्चिमेस पाच-सहा किलोमीटरवर आगाशी. येथील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराशी शेठ मोतीशा यांचे नाव जोडलेले आहे. मोतीचंद अमीचंद (१७८२–१८३६) हे मुंबईचे जहाजमालक. त्यांचा व्यापार चीनपर्यंत चाले. शत्रुंजयावरील मोतीशा टूक आणि भायखळ्याचे आदीश्वर मंदिर ही त्यांची कामे, तर १८३४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पांजरापोळीत सर जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने त्यांचा पुढाकार होता. आगाशीत दर्शन-पूजा आणि निवास दोन्हींची सोय असल्याने पहिला मुक्काम येथे करणे वृद्धांना मानवते. अर्नाळ्याचा किनारा जवळच आहे, तेव्हा मुलेही कुरकुरत नाहीत.

रावेर-यावलच्या केळीवर पोसलेल्या खानदेशी माणसाने आगाशी-वसई पट्ट्यातील सुकेळी मात्र पाहिल्यावाचून परतू नये. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवितात आणि वाळक्या केळपानात बांधून विकतात. चवीला ती मधासारखी गोड लागतात आणि बरेच दिवस टिकतात. वाघिणी आणि ट्रक भरून कच्ची केळी परप्रांतात पाठविणाऱ्या, आणि भाव पडला की हताश होणाऱ्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याने ही छोटी पुडी हातात घेऊन हिशेब मांडला, तर तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

ठाण्याला थांबा अर्ध्या दिवसाचा पुरतो. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोंकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि तेथे श्रीपाल-मयणासुंदरीची कथा चित्र-शिल्पांतून मांडली आहे. आयंबिलाच्या ओळीत श्रीपाल रास ऐकणाऱ्या घरांना धवलशेठ ठाऊकच आहे. भागीदाराची संपत्ती पाहून ज्याची नियत फिरली आणि ज्याने श्रीपालला भर समुद्रात ढकलले, तोच हा शेठ. नवपदांचे स्मरण करणारा श्रीपाल मगरीच्या पाठीवरून ज्या किनाऱ्याला लागला, तो हा ठाण्याचा कोकण किनारा.

येथून पुढे खरा दक्षिणेचा प्रवास सुरू होतो. मुंबईहून मांडव्याला लाँचने किंवा मोटारीसह रो-रो बोटीने जाता येते आणि मांडव्याहून अलिबाग जवळ. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात उभा आहे; ओहोटीला पायी, भरतीला होडीने. आत गणेशाचे मंदिर आहे आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे.

येथे एक गोष्ट जैन कुटुंबाच्या उपयोगाची. भरती-ओहोटी चंद्राच्या चालीवर अवलंबून असते, म्हणजेच तिथीवर. आणि तिथी पाळणे तर या घरांच्या रक्तातच असते. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला, ओहोटी पाचच्या आसपास. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या भांगाला ते पुरते हटत नाही, तेव्हा किल्ल्याची वाट गुडघाभर पाण्यातून काढावी लागू शकते. गंमत अशी की पौर्णिमेला वाट मोकळी होते ती नेमकी चौविहाराच्या घाईच्या वेळी. मात्र दिवाळी पाडवा ते लाभपंचमी या व्यापाऱ्यांच्या सुट्टीत ओहोटी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान येते. नवकारसी पारून निघावे आणि उन्हे तापण्याआधी किल्ला पाहून परतावे. अर्थात हा आडाखा आहे. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी तेथील कोळ्याला विचारणे हेच शहाणपणाचे.

अलिबागच्या दक्षिणेस सोळा-सतरा किलोमीटरवर रेवदंडा आणि लागूनच चौल. ग्रीक दर्यावर्दींच्या ‘पेरिप्लस’मध्ये ज्याचा उल्लेख येतो आणि अरब प्रवाशांनी ज्याला सैमूर म्हटले, ते हे बंदर. १४६९ मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी येथे उतरला. विकण्यासाठी त्याने आणला होता एक घोडा. सारे भांडवल एका जनावरात गुंतवून तो जुन्नरला गेला, तर तेथील खानाने घोडाच हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी परिचिताच्या मध्यस्थीने घोडा आणि धर्म दोन्ही कसेबसे वाचले. परक्या मुलखात, तारणाशिवाय आणि एकाच मालावर केलेला हा धंदा होता. कोणत्याही कर्ज विभागाने तो प्रस्ताव मंजूर केला नसता. पण निकितिनने लिहून ठेवलेल्या आठवणींमुळे पंधराव्या शतकातील दख्खनचे चित्र जगाला मिळाले. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे. पोर्तुगीजांच्या कोटाच्या पडक्या भिंतींच्या आत नारळी-पोफळीच्या बागा डोलतात; चर्चचा उंच मनोरा तेवढा बागांवर डोके काढून उभा आहे.

भोजनाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे, कारण आजी अजून उत्तराची वाट पाहत आहे. रेवदंड्याच्या पुढे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तसेच दापोलीकडील गावे आणि गुहागर येथे अनेक घरांत घरगुती शाकाहारी भोजन मिळते. नैवेद्याचा स्वयंपाक कांदा-लसणाविना करण्याची सवय या घरांना असतेच, तेव्हा कंदमूळ वर्ज्य आहे हे सांगितले तर फारसे नवल वाटत नाही. अट एकच : सकाळी, निदान दुपारी तरी, वर्दी द्यावी आणि ‘पाच वाजता पान वाढा’ असे स्पष्ट सांगावे. पर्यटक रात्री आठ-नऊला जेवतात अशी त्यांची समजूत असते. कोवळ्या फणसाची भाजी, केळफूल, काजूची उसळ, तांदळाची घावणे आणि उकडीचे मोदक यांत बटाट्याची आठवणही येत नाही. भाजीचा हंगाम तेवढा विचारून घ्यावा. डिसेंबरात या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. इतर पर्यटक सूर्यास्त पाहून जेवणाकडे वळतात, चौविहारी कुटुंब जेवण आटोपून सूर्यास्ताला येते, आणि मग परतण्याची घाई त्यालाच नसते.

मासळी बाजार आणि वाळत घातलेले बोंबील वाटेत लागणारच. नाकाला पदर लावून, मुलांदेखत तोंड वेडावून जाण्याची काहींची रीत असते. ती बरी नव्हे. ज्याला ओहोटीची वेळ विचारावयाची, ज्याच्या होडीत मुलाबाळांसह बसावयाचे, त्याच्याच अंगणासमोरून ती वाट जाते. आपला नियम आपल्या ताटापुरता कठोरपणे पाळता येतो, त्यासाठी दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावे लागत नाही.

मुलांच्या बाबतीत एक अडचण वेगळीच उद्भवते. वाळूत शंख-शिंपले दिसताच त्यांचे खिसे भरू लागतात. पाठशाळेत जीवविचार शिकलेले मूल असेल तर त्याला आठवण करून देता येते की शंख आणि कोडी ही बेइंद्रिय जीवांची उदाहरणे त्याने पाठ केली आहेत, आणि ओल्या वाळूतील शंखात तो जीव असू शकतो. पुस्तकातील शब्द हातात हालचाल करू लागला की मूल जे शिकते, ते परीक्षेसाठी शिकलेले नसते. किनाऱ्यावर बसून शंखातला जीव बाहेर डोकावण्याची वाट पाहण्यात एक तास सहज जातो.

ज्यांच्याजवळ आणखी तीन-चार दिवस आहेत त्यांनी कोकण रेल्वेने दक्षिणेकडे उतरावे. १९९८ पासून सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग पूर्णपणे सुरू आहे. रत्नागिरीत लोकमान्यांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा बंदिवासातील राजवाडा आहे, मालवणात सिंधुदुर्ग. ही स्थळे सर्वपरिचित आहेत. व्यापारी कुटुंबाने मात्र वाट वाकडी करून राजापूर आणि वेंगुर्ला पाहावे.

राजापूर समुद्रावर नाही; जैतापूरच्या खाडीमुखापासून बरेच आत, अर्जुना नदीच्या काठी आहे. येथे इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी वखार लुटून त्यांना कैदेत टाकले. ज्यांनी फक्त व्यापार करावयाचा त्यांनी तोफा डागल्यावर दुसरे काय व्हावे? पुढे खाडीत गाळ साचत गेला आणि मोठी गलबते गावापर्यंत येईनाशी झाली. वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष दिसतात. घाटावरचा माल बेळगावमार्गे उतरून येथे जहाजात चढे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे थेट मुरगाव बंदराला जाऊन भिडली आणि बैलगाड्यांच्या त्या रस्त्याची रया गेली.

खानदेशी माणसाला ही हकीगत परकी वाटू नये. सतराव्या शतकात धरणगावीही इंग्रजांची वखार होती. तेथील कापड सुरतेच्या बंदरावाटे परदेशी जाई, आणि तीही वखार मराठ्यांच्या स्वाऱ्यांत लुटली गेली. १८६० च्या दशकात मुंबईहून लोहमार्ग आला तो पाचोरा, जळगाव, भुसावळ या वाटेने. जळगाव कापसाची पेठ झाली. धरणगाव, एरंडोल, पारोळा या जुन्या पेठा मागे पडल्या. आग्रा रोडवरील धुळ्याला मुख्य मार्ग मिळाला नाही, चाळीसगावहून फाटा तेवढा मिळाला. जळगावच्या अनेक पेढ्यांचे मूळपुरुष मारवाडातून आले ते रेल्वेने बसविलेल्या बाजाराच्या ओढीने. त्यांचे पणतू आज वेंगुर्ल्याच्या जुन्या धक्क्यावर उभे राहून छायाचित्र काढतात, तेव्हा भिंतीत वाढलेल्या पिंपळाखेरीज तेथे पाहणारे कोणी नसते.

परतीचे आरक्षण आधीच करून ठेवावे; दिवाळीनंतर मुंबईहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांना जागा मिळत नाही, आणि लाभपंचमीचा मुहूर्त थांबत नाही. सुकेळीच्या दोन पुड्या, आमसुलाचा एक डबा आणि जमल्यास खिशातून सुटलेला एखादा कोरडा, रिकामा शिंपला एवढे सामान घेऊन कुटुंब पहाटे जळगाव स्थानकावर उतरते. दुकानाची किल्ली आजोबांच्याच कनवटीला असते.