जिवाणूंची वीज: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारातली कुजकी भाजी, काजूच्या हंगामात उरणारा बोंडूंचा चोथा, घराघरांतले सांडपाणी: यांतून जिवाणूंकरवी थेट वीज मिळू शकते. ती देणारे साधन म्हणजे सूक्ष्मजीव इंधनघट. त्याचा खरा उपयोग कळायचा, तर आधी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: हा गोबर गॅसचाच प्रकार.
वस्तुस्थिती: साळगावच्या कचरा प्रकल्पात २०१६ पासून ओला कचरा कुजवून मिथेन मिळवतात आणि तो जाळून वीज तयार करतात. इंधनघटात काहीच जळत नाही. अन्न पचवताना सुटलेले इलेक्ट्रॉन जिवाणू, ऑक्सिजन नसल्यामुळे, कार्बनच्या पट्टीला देतात. तारेतून ते हवेतल्या दुसऱ्या पट्टीकडे जातात. तोच विजेचा प्रवाह.

गैरसमज २: शोध नवा, जिवाणू दुर्मीळ.
वस्तुस्थिती: इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच जिवाणूंपासून वीज मिळवली होती. या कामात तरबेज असलेला जिओबॅक्टर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. साध्या प्रयोगाला साखळीच्या वाळवंटी नदीकाठचा चिखलही पुरेल.

गैरसमज ३: कोणताही जैवकचरा चालतो.
वस्तुस्थिती: बोंडूच्या रसातली साखर जिवाणू चटकन पचवतात. नारळाची सोडणे, करवंट्या, पेंढा मात्र लिग्निनमुळे सहजी पचत नाहीत. त्यांच्यावर आधी प्रक्रिया करावी लागते.

गैरसमज ४: एका घटावर घर उजळेल.
वस्तुस्थिती: एक घट साधारण अर्धा व्होल्ट देतो. प्रयोगशाळेतही पट्टीच्या चौरस मीटरमागे एखाद-दोन वॅट मिळाले तरी पुष्कळ. साधा एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. घट मोठा केला, तर आतला विद्युतरोध वाढून वीज त्या प्रमाणात वाढत नाही.

गैरसमज ५: मग उपयोग काय?
वस्तुस्थिती: उपयोग पाणी शुद्ध करण्याचा; त्यातली घाण हेच जिवाणूंचे अन्न. नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात हवा सोडणाऱ्या यंत्रांवरच बरीच वीज खर्च होते. इंधनघटात ती वाचते, गाळही कमी उरतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी शौचालयाच्या सांडपाण्यासाठी ७२० लिटरचा घटसंच चालवून पाहिला आहे.

म्हणून साखळी-डिचोलीत कुणी असा प्रकल्प मांडला, तर किती दिवे लागतील हे नंतर विचारावे. बाहेर पडणारे पाणी किती स्वच्छ असेल, हा प्रश्न पहिला.