गुलाबी बोंडअळी व शेजारधर्म

पैठण रस्त्यावरील चितेगावच्या परिसरात कारखाने उभे राहिले, तरी या भागातील अनेक अल्पभूधारक कुटुंबांचा भरवसा अद्याप कपाशीवरच आहे. आणि कपाशीस मोठा धोका आहे तो गुलाबी बोंडअळीचा. बीटी वाणांना आपल्या देशात 2002 साली परवानगी मिळाली. परंतु त्यांतील कीडनाशक प्रथिनांना ही अळी पुढे जुमानेनाशी झाली व 2017 च्या हंगामात तिने महाराष्ट्रात अतोनात नुकसान केले.

अंड्यातून निघताच अळी फुलात वा बोंडात शिरते. एकदा आत गेली की बाहेरून फवारलेले औषध तिला गाठीत नाही. म्हणून पतंगांची वर्दळ वेळीच ओळखणे अगत्याचे होय. लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावावेत व रोज सकाळी पतंग मोजावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ वा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा. शिवाय शेतातील वीस हिरवी बोंडे तोडून उकलून पाहावीत. दोहोंत अळी दिसल्यास विलंब करू नये. बाहेरून निरोगी दिसणारे बोंड तोडण्यास पुष्कळजण कचरतात. परंतु वीस बोंडांचा हा मोह सबंध वेचणीस भोवतो.

मात्र दोन एकरांच्या धन्याने हे सारे केले आणि बांधापलीकडच्याने फरदड राखली, तर त्याचे कष्ट वाया जातात. पतंगास बांध ठाऊक नसतो. यास्तव सापळ्यांतील आकडे पारावरील फळ्यावर लिहावेत. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याचा सापळा शेजाऱ्याने पाहावा. इंडोनेशियात 1989 साली भातशेतकऱ्यांसाठी बांधावरच्या शाळा याच विचाराने सुरू झाल्या. आपल्याकडील शेतीशाळा त्याच जातीची होय. मात्र तिचे बोलावणे बहुधा पुरुषांनाच जाते. निंदणी-वेचणी करणाऱ्या स्त्रियांच्या नजरेस डोमकळी, म्हणजे पाकळ्या चिकटून मिटलेले फूल, सर्वांआधी पडते. तेव्हा त्यांना प्रथम बोलवावे, व तोडलेल्या डोमकळ्या अळीसह नष्ट कराव्यात.

डिसेंबरअखेर सर्वांनी एकाच सुमारास कपाशी मोडावी. त्यानंतर शेतात मेंढ्या बसविल्यास त्या उरलीसुरली बोंडे खातात व लेंडीखतही मिळते. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवरील किडक्या कवड्यांत अळी पुढील हंगामापर्यंत सुप्त राहते.