रसायनशास्त्र आणि परदेशातले एक वर्ष : समज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत रसायनशास्त्राचा ‘एमकेम’ हा एकात्म पदव्युत्तर अभ्यासक्रम परदेशातल्या एका वर्षासह करता येतो. बारावीनंतर तिकडे जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांच्या आणि पालकांच्या मनात या वर्षाविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती असतात.

सर्वांत मोठी समजूत म्हणजे हे वर्ष भटकंतीचे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विद्यार्थी यजमान विद्यापीठाच्या संशोधनगटात दाखल होतो. संयुगे बनवायची, शुद्ध करायची, एनएमआर या वर्णपट तंत्राने त्यांची रचना तपासायची आणि शेवटी प्रबंध लिहायचा. शिवाय काही विद्यापीठे मूळ अभ्यासक्रमातले विषयही त्याच काळात दूरस्थ पद्धतीने पूर्ण करायला लावतात. हे वर्ष कष्टाचे असते, आणि त्यातच त्याचे मोल आहे.

‘एक वर्ष वाया जाते’ हेही सरसकट खरे नाही. इंग्लंडमध्ये एमकेम साधारण चार वर्षांचा असतो आणि बऱ्याच विद्यापीठांत परदेशातले वर्ष त्या चारांतच बसते. एडिनबरात तो पाच वर्षांचा आहे, कारण स्कॉटलंडमधली पदवीच मुळात चार वर्षांची.

गुणांबाबत मात्र नीट समजून घ्या. जर्मनीत 1.0 हा सर्वोत्तम श्रेणीअंक, तर स्वित्झर्लंडमध्ये 6. फ्रान्समध्ये 20 पैकी 14 म्हणजे चांगली कामगिरी; आपल्या नजरेला ते जेमतेम 70 टक्के दिसतात. हे गुण ब्रिटिश मोजपट्टीवर कसे बसवतात, अंतिम श्रेणीत किती धरतात की फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढेच पाहतात, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवते. अर्जात अभ्यासक्रम निवडला म्हणजे परदेशवारी पक्की, असेही नाही. आधीच्या वर्षांत ठरावीक सरासरी राखावी लागते; ती घसरली तर साध्या एमकेममध्ये वळवले जाते.

संशोधनगटात बहुधा इंग्रजी चालते. पण पदवीस्तरावरची व्याख्याने ऐकून परीक्षा द्यायची असेल, तर तिथली भाषा बऱ्याचदा यावीच लागते.

फी दुप्पट होते, हा समजही चुकीचा आहे. देवाणघेवाणीच्या करारात सहसा फी मूळ विद्यापीठालाच भरायची असते. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांकडून त्या पूर्ण वर्षासाठी कमाल फीच्या 15 टक्क्यांपर्यंतच रक्कम घेता येते. भारतीय विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही. त्यांची सवलत विद्यापीठावर अवलंबून. यजमान देशाचा व्हिसाही वेगळा काढावा लागतो.

हे सगळे आवाक्याबाहेरचे वाटले, तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम पाहा. त्याचे पाचवे वर्ष मुख्यतः संशोधन प्रबंधाचे असते, आणि तो परदेशातल्या प्रयोगशाळेत करण्याची वाटही मोकळी आहे.

ब्रिटनचाच विचार पक्का असेल, तर गुणांचे रूपांतर, सरासरीची अट आणि त्या वर्षाची फी या तीन गोष्टींची उत्तरे प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.