तळाचे भाडे आणि मताचे मोल

हिंगोलीकरांना लष्करी तळाचा प्रश्न परका वाटू नये. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथेच होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली झाला आणि १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेला. रयतेला कोणी विचारले नाही.

मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसची कथा याच जातीची आहे. १९६५ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, ब्रिटनने चागोस बेटे तोडून घेतली. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभा राहिला आणि १९७३ पर्यंत रहिवाशांना हुसकावण्यात आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सार्वभौमत्व परत देण्याचा समझोता जाहीर झाला. तो करणाऱ्या प्रविंद जगन्नाथ सरकारवरील, २०१९ च्या निवडणुकीत आमिषे दाखविल्याचा आरोप प्रिव्ही कौन्सिलने २०२३ मध्ये फेटाळला होता. तरी संशय शमला नाही. चोरून ऐकलेल्या संभाषणांच्या ध्वनिफिती फुटल्या. समाजमाध्यमांवर घातलेली बंदी दिवसाभरात मागे घ्यावी लागली. नोव्हेंबरात विरोधी आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. नव्या रामगुलाम सरकारने समझोत्याची फेरतपासणी केली आणि २२ मे २०२५ रोजी तळासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासह करार झाला.

भाड्याची रक्कम अर्थशास्त्र मोजू शकते. ते ठरविण्याचा अधिकार मात्र निर्मळ मतपेटीच देते. तरीही वाटाघाटींत आपल्याला स्थान नव्हते, ही अनेक चागोसवासीयांची तक्रार उरतेच. वऱ्हाडच्या रयतेची तरी दुसरी कोणती होती?