कोळशातील दगड आणि कोळशातील मीठ

बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते 1905 साली, आणि ती वीज कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यापासून मिळालेली होती. रायचूरचे औष्णिक केंद्र सुरू झाले ते 1985 साली, म्हणजे त्यानंतर तब्बल ऐंशी वर्षांनी. कर्नाटकात दगडी कोळशाची खाण नाही. रायचूरच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा सिंगरेणी, महानदीचे खोरे, चंद्रपूर-वणी अशा दूरदूरच्या भागांतून रेल्वेने आणावा लागतो.

या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा 35 ते 45 टक्के असते. 4,000 टन कोळसा वाहून नेणाऱ्या एका मालगाडीत 40 टक्के राख धरली, तर 1,600 टन निव्वळ दगडमातीच प्रवास करीत असते! ही माती कोळसा तयार होत असतानाच वाहत्या पाण्याबरोबर येऊन वनस्पतींच्या गाळात मिसळली. ती काढण्याची रीत घनतेवर आधारलेली आहे. शुद्ध कोळशाची घनता सुमारे 1.3, तर शेल खडकाची 2 हून अधिक. मॅग्नेटाइटची बारीक भुकटी पाण्यात कालवून मधल्या घनतेचा द्रव केला की कोळसा वर तरंगतो आणि दगड तळाशी जातो. भारतीय कोळशात मातीचे कण फार सूक्ष्मपणे विखुरलेले असल्यामुळे ही फारकत अपुरीच होते, आणि फेकून दिलेल्या दगडाबरोबर बराचसा कोळसाही जातो. दूर वाहून न्यावयाच्या कोळशातील राख 34 टक्क्यांहून अधिक नसावी, असे बंधन केंद्र शासनाने 1997 च्या अधिसूचनेने घातले होते. 2020 साली ते काढून घेण्यात आले.

मिठाची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. क्षारयुक्त भूजल ज्या थरांतून झिरपले, तेथील कोळशात, विशेषतः कोवळ्या लिग्नाइटमध्ये, सोडियम मुरलेले असते. जर्मनीतील सॅक्सनीच्या परिसरात, दक्षिण ऑस्ट्रेलियात, अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात व चीनच्या शिंजियांगमध्ये अशा कोळशाचे मोठे साठे आहेत. सोडियमचे प्रमाण दिसावयास क्षुल्लक, पण त्याचा उपद्रव मोठा. साधे मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते. भट्टीतील ज्वाला त्याहून कितीतरी तप्त असल्यामुळे त्याची वाफ होते. ही वाफ पुढे गंधकाच्या वायूंशी संयोग पावून वाफेच्या नळ्यांवर चिकट लेप होऊन बसते. त्या लेपावर उडती राख चिकटते, थर वाढतो, नळीतील वाफ पुरेशी तापत नाही, नळ्यांमधील वायूंची वाट बुजू लागते. अखेरीस बॉयलर थंड करून तो थर फोडून काढावा लागतो. नळ्यांचा धातूही आतल्या आत खाल्ला जातो.

हे मीठ घनतेच्या पद्धतीने निघत नाही. छिद्रांतील पाण्यात विरघळलेला भाग बारीक दळलेला कोळसा पाण्याने पुन:पुन्हा धुऊन जातो. परंतु पुष्कळसे सोडियम कोळशातील सेंद्रिय आम्लगटांशी जखडलेले असते. त्याला तेथून हलवावयाचे तर त्याच्या जागी कॅल्शियम किंवा हायड्रोजनचे आयन बसवावे लागतात, म्हणजेच चुन्याचे अथवा सौम्य आम्लाचे पाणी वापरावे लागते. मग ते खारट पाणी सोडावयाचे कोठे, आणि बराच ओलावा आधीच असलेले लिग्नाइट आणखी भिजवून वाळवावयाचे कसे, हे प्रश्न उभे राहतात. वीजकेंद्रे म्हणूनच अनेकदा कमी सोडियमचा कोळसा मिसळण्याचा सोपा मार्ग पत्करतात, किंवा भट्टीत केओलिनची माती घालतात. ही माती सोडियमला आपल्यात बांधून घेते व चिकट होऊ देत नाही.

येथेच भारतीय परिस्थितीतील मौज आहे. आपल्या गोंडवन कोळशात सोडियम मुळातच थोडे आहे, आणि ज्या चिकणमातीला आपण नावे ठेवतो, तीच या अल्प सोडियमला आवरून धरते. उलटपक्षी, खारट कोळशातील माती तेवढी धुऊन काढली, तर उरलेल्या राखेत सोडियमचा वाटा वाढतो आणि स्वच्छ केलेला कोळसाच नळ्यांना अधिक घातक ठरू शकतो. तमिळनाडू, गुजरात व राजस्थान येथील लिग्नाइट वापरताना या गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही.

ज्वलनाशी संबंधित अशा प्रश्नांसाठी आपल्याकडे स्वतंत्र संस्था आहेत. 1960 साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे औष्णिक केंद्र नागपूरजवळ कोराडी येथे आहे. कोळशातील सोडियमच्या परीक्षणाची एक सावध रीत मात्र जाणून घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत राख काढण्यासाठी कोळसा 815 अंशांवर जाळतात. त्या उष्णतेत सोडियमचा काही अंश उडून जाण्याचा संभव असल्यामुळे केवळ राखेच्या पृथक्करणावर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून नमुना आधी पाण्याने, मग अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणाने, आणि शेवटी हायड्रोक्लोरिक आम्लाने क्रमाक्रमाने धुतात. पहिल्या धुण्यात किती सोडियम निघाले, दुसऱ्यात किती आणि तिसऱ्यात किती, यावरून ते कोळशात कोणत्या रूपात दडले आहे आणि ते काढणे परवडेल की नाही, हे ठरविता येते.