दोस्ताची जुनी बंदूक घेता? आधी नंबर जुळवा, मग भाव करा

अमरावती/अकोला : तूर-हरभरा उभा असला की मेळघाटच्या पायथ्यापासून पातूरच्या डोंगरापर्यंत रानडुक्कर अन् रोह्यांपायी रातभर जागल करावी लागते. पीकरक्षणाचा परवाना मिळालेले काही शेतकरी मग ओळखीतल्याची जुनी बंदूक पाहतात. पण दोस्तीत भाव कसा करावा, इथंच गाडी अडते.

बंदुकीसोबत परवाना विकत मिळत नाही. घेणाऱ्याचा स्वतःचा परवाना पाहिजे अन् त्यावर त्याच प्रकारची बंदूक मंजूर पाहिजे. बंदुकीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी जुळवून पहा. नंबर खोडलेला असेल तर फुकटातही घेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

आता भाव. परवानाधारक बंदूक दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : अशी जुनी बंदूक तुम्ही कितीत घ्याल, अन् कितीत विकाल? समजा तो १५ हजारांत घेतो अन् २५ हजारांत विकतो. मधला भाव २० हजार झाला. यात दोस्ताला दुकानापेक्षा ५ हजार जास्त मिळतात, तुमचे ५ हजार वाचतात.

त्यातून दुरुस्ती वजा करा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरा. आत गंजाचे खड्डे, बाहेर ठेच, सैल जोड, तडकलेला दस्ता दिसला तर कारागिराला दाखवा. तो ३ हजार खर्च सांगत असेल तर भाव १७ हजार. नळीच फाटायच्या बेतात असेल तर सौदा सोडा. तिथं जिवाचा प्रश्न आहे.

भाव ठरला म्हणून बंदूक लगेच घरी आणू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागते अन् त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागते. तोवर बंदूक विकणाऱ्याकडेच राहू द्या. इसार दिला तर 'कागद झाले नाहीत तर इसार परत' असं लिहून घ्या. दोस्तीही टिकते.

अन् एक ध्यानात असू द्या : बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.