पेल्याची सोयरीक

मी गझला लिहितो. १९३२ साली सुरेश भटांचा जन्म ज्या अमरावतीत झाला, त्याच गावात राहून लिहितो. गझल म्हटली की मदिरा आली, साकी आला, पेला आला. माझ्याही शेरांतून हे पेले तीस वर्षं भरले जात आहेत. प्रत्यक्षात मात्र मी चहापलीकडे कधी गेलो नाही. आमच्या धर्मात ते वर्ज्य, आणि मनालाही त्याची ओढ नाही.

म्हणून लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी मुलाने नाशिकच्या एका हॉटेलात ‘वाइन पेअरिंग’चं जेवण ठरवलं, तेव्हा मी फोनवरच चिडलो. मुलगा तिकडे बाटल्या भरायच्या यंत्रांचं काम बघतो. त्यांतली काही यंत्रं वाइनच्या कारखान्यांत चालतात. अमरावतीत कुणी विचारलं तर मी ‘मशीनचं काम’ एवढंच सांगायचो. पुढचा प्रश्न येण्याआधी विषय बदलायचो. तो शांतपणे म्हणाला, “अब्बा, मी तरी कुठे पितो? तुमच्यासाठी बिनदारूचे पेले सांगितले आहेत. अम्मीला घेऊन या.” बायको म्हणाली, “पोरगा बोलावतो आहे, जाऊ या.” गेलो.

पेअरिंग म्हणजे सोयरीक. जेवणातला एकेक पदार्थ येतो आणि त्याच्याशी जुळेल असा एकेक लहान पेला येतो. मुलगा समजावून सांगत होता, आणि मी पहिल्यांदाच त्याच्या कामाबद्दल नीट ऐकत होतो.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस सालींपासून लगेच वेगळा करतात. लाल वाइनसाठी काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात. रंग सालीतून उतरतो. तुरटपणा सालीतून आणि बियांतून. या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. फार उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ कोरडी पडते, ते याच टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. सोबत मटण असलं तर मटणातली प्रथिनं आणि चरबी त्याची धार कमी करतात. म्हणून मटणाला लाल वाइन.

तळलेल्या पदार्थाला आंबट, पांढरी वाइन. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो, तेच तत्त्व. आंबटपणाने तेलकटपणा कापला जातो. गोडाचा नियम असा की पेला पदार्थापेक्षा गोड हवा. जिलेबी खाऊन चहा प्यालात तर चहा फिका लागतो ना? वाइनही तशीच आंबट लागते.

खरी पंचाईत तिखटाची. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि टॅनिनने तोंड आणखी खरखरतं. म्हणून तिखटाला थंड, किंचित गोड आणि कमी जोमाची वाइन देतात. यावर आमची बायको म्हणाली, “आपण ठेच्याबरोबर दही घेतो, ते काय वेगळं?” वेगळं नाहीच. दुधा-दह्यातलं प्रथिन मिरचीतलं जहाल द्रव्य जिभेवरून उचलून नेतं. वऱ्हाडातल्या बायका ही सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या जुळवत आल्या आहेत. तिला नाव तेवढं दिलं नव्हतं.

आमच्या पेल्यांतही हाच हिशेब होता. तळलेल्या मासळीबरोबर कोकम. मसालेदार कोंबडीबरोबर संत्र्याचा थंड रस. आमच्या वरुड-मोर्शीचा मुलूख आठवला. मटण हलाल असल्याची मुलाने आधीच खात्री केली होती. त्याच्याबरोबर थंड, कडक कोरा चहा आला. त्यातलं टॅनिन लाल वाइनचं काम करत होतं. शेवटी खिरीबरोबर द्राक्षाचा दाट, गोड रस. सगळं मिळून आलं होतं.

जेवताना एक गोष्ट मनात घोळत होती. आमच्याकडे वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा लागतो. त्याच राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारं धोरण आणलं. ‘सुला’ची पहिली वाइन २००० सालची. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. नाशिककडे पावसाळ्यानंतर छाटणी करून वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. त्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन बनवली. परदेशात ती ‘उमर खय्याम’ या नावाने विकली गेली. ज्या खय्यामच्या रुबाया फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी मराठीत आणल्या, एका पुस्तकाला ‘द्राक्षकन्या’ हे नाव दिलं, तोच खय्याम जुन्नर तालुक्यातल्या बाटलीवर जाऊन बसला होता! कवितेतली मदिरा ईश्वरप्रेमाची की द्राक्षाची, यावर विद्वान भांडत राहिले. बाटलीवाल्याला नाव पुरलं.

मला त्या रात्री वाटलं, दारू न पिणं हा माझा निर्णय आहे आणि तो तसाच राहील. व्यसनाने मोडलेली घरं मी मोहल्ल्यात पाहिली आहेत. त्यांच्यासमोर या पेल्यांचं कौतुक करवत नाही. पण न पिणाऱ्याने न समजून घेण्याचीही शपथ घ्यायला हवी, असं थोडंच आहे? मी मात्र मुलाचं कामही त्याच पडद्याआड ढकललं होतं. त्याने आमचा धर्म सांभाळून आमचं पान मांडलं, आणि मी त्याचं काम लपवत होतो.

परतताना बायको म्हणाली, “तीस वर्षं गझलेत पेला भरताय. आज कळलं ना त्यात काय असतं?” मी हसलो.

अमरावतीला आल्यावर चहाच्या टपरीवर नेहमीचा प्रश्न आला, “पोरगं काय करतं?” मी सांगितलं, “बाटल्या भरायच्या यंत्रांचं काम बघतो. काही यंत्रं वाइनच्या कारखान्यांत असतात.” समोरचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बरं. अन् पगार?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)